चार नंबरचा सलाम

३ मे १९६४

पोचलो. अबूधाबीहून लॉरीने हाडं खिळखिळी झाली, तरी मजेत आहे. तेल कंपनीच्या या छावणीत साहेब लोक चाकांवरच्या घरांत राहतात. त्यांना ट्रेलर म्हणतात. मी ते ठीकठाक राखायचे. चाकांच्या बेअरिंगना ग्रीस द्यायचं, छताच्या सांध्यांतल्या फटी लांबीच्या लगद्याने बुजवायच्या, गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. मुंबईच्या गोदीत क्रेन दुरुस्त केलेल्या माणसाला हा पोरखेळ आहे. आधीच्या मेकॅनिकने लांबी थापली आहे ती बघून हसू आलं. घरी माझी बायको हव्वाबी भाकरीसुद्धा याहून नीट थापते.

हाताखाली शौकत आहे, हर्णैचा. वयाने मोठा म्हणून शौकतभाई म्हणावं लागतं, बाकी मान द्यावा असं काही दिसलं नाही.

७ मे

रिकाम्या घरात शिरताना सलाम करावा, हे आम्हाला लहानपणीच शिकवतात. शौकतभाईने त्याचं भलतंच करून ठेवलंय. म्हणे, रिकाम्या ट्रेलरच्या दाराशी सलाम करायचा आणि थांबायचं. आतून जवाब आला, तर बाहेरून कडी घालायची आणि मागे न बघता निघायचं. चार नंबरमधून जवाब येतो म्हणे. गेल्या उन्हाळ्यात आधीचा मेकॅनिक त्यात अडकून उष्म्याने मेला, तेव्हापासून.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस. मी तोंडावर हसलो. तो एवढंच म्हणाला की हसा मिस्त्री, पण सलाम केल्याशिवाय आत जाऊ नका.

१२ मे

वाळूची वादळं सुरू झाली. रिकामा चार नंबर उन्हाळ्यापुरता बंद करायचा होता. मी एकट्याने केला. खिडक्यांवर बाहेरून पत्रे कसले, सांधा न् सांधा भरला. आता आत कणभर वाळू शिरायची नाही. साहेबाने मान डोलावली. त्याला काय कळतं म्हणा.

१६ मे

वादळात सांधे टिकले का ते बघायला भरदुपारी चार नंबरच्या दाराशी गेलो. शौकतभाईने कडी काढून सलाम केला.

आतून ‘वालेकुम सलाम’ आलं. आवाज माझा होता. मी तर तोंड मिटून त्याच्या शेजारी उभा होतो.

त्याने माझ्या ओठांकडे पाहिलं, कडी घातली आणि चालू लागला. पत्रा घुमतो, घाबरू नका, असं मी त्याला समजावलं. पण घुमणारा पत्रा सलामच परत देईल, जवाब कसा देईल? मला भीती वाटली. इथे लिहितो, या लोकांना सांगणार नाही.

१९ मे

छावणीभर झालं. स्वयंपाकी मला लांबून वाढतो. अडाण्यांचा बाजार. उद्या लॉरीने शहरात जातो असं शौकतभाईला सांगितलंय. जाणार नाही. आत बसून कुठला पत्रा घुमतो ते शोधतो आणि सगळ्यांच्या तोंडावर मारतो.

२० मे

आत आहे. सलामबिलाम केला नाही. दार ओढून घेतलंय. बाक, चूल, बाकी काही नाही. धूळसुद्धा नाही, माझं काम. हसू येतंय.

पावलं — शौकतभाई. कडी काढलेली दिसली असणार. सलाम केला त्याने. मी सवयीने जवाब दिला —

कडी लागली.

ओरडलो. मीच आहे, युसुफ, खरा. पण आवाज — तोच तर त्याने त्या दिवशी आतून ऐकलाय.

दार हलत नाही. खिडक्यांवर पत्रे. फट कुठेच — मीच भरल्या —

पत्रा तापलाय. हात टेकवत नाही. हव्वाबीला कोण —

थांबलाय तो. गेला नाही. या अल्ला, थांबलाय. शौकतभाई, उघडा —

बाहेर दुसरंही कोणी आहे. त्याला समजावतंय. पत्रा घुमतो, घाबरू नका, चला. आवाज माझा —

पावलं दोघांची. लांब —

शौकतभाई, तो मी ना