वहिनीच्या खुर्चीचं माप

३ फेब्रुवारी

प्रिय वहिनीस,
स. न. वि. वि.

बाबांना फोनवर धड ऐकू येत नाही म्हणून आपल्या घरात पत्रं टिकली, आणि तू लग्न होऊन आलीस तेव्हा ती तुझ्याही गळ्यात पडली. तर घे, हे माझं पत्र. वाचून झालं की दादाच्या हाती लागू देऊ नकोस.

दादाने फोटो पाठवला. खिडकीपाशी तू, कानाला हेडफोन आणि बुडाखाली ती खुर्ची. खाली त्याने लिहिलं होतं की बाबांनी स्वतःच्या हाताने केली, सव्वा महिना लागला. मी फोटो मोठा करकरून पाहिला. पाच चाकांचा तळ, कमरेशी उठाव, पाठीला जाळी, दोन्हीकडे हात टेकायची सोय. खरं सांगते, माझ्या पोटात दुखलं. थोडंथोडकं नाही, चांगलं दुखलं.

बाबांनी चाळीस वर्षं खुर्च्यांच्या कारखान्यात काढली, अख्ख्या दुनियेला बसवलं. आणि त्यांच्या एकुलत्या एका मुलीने शाळा-कॉलेजचा सगळा अभ्यास केला तो एका डुगडुगत्या लाकडी खुर्चीवर, त्याच खिडकीपाशी, त्याच खोलीत. ती माझी खोली होती हे तुला सांगायला नको. आता घरात सगळे तिला ऑफिस म्हणतात. म्हणू देत.

इथे मी घरी बसून इमारतींचे नकाशे काढते, तेही जेवणाच्या खुर्चीवर दोन उशा घालून. संध्याकाळपर्यंत मान अशी धरते की कुणी हाक मारली तर सगळी मीच वळते. बाबांना वेगळं पत्र टाकलं आहे की मलाही तशीच खुर्ची हवी. नवऱ्याला पट्टी घेऊन कामाला लावलं आणि सगळी मापं सोबत पाठवली. तू मध्ये काही बोलू नकोस म्हणजे झालं.

माझा तुझ्यावर लोभ आहे. आज जरा कमी आहे, एवढं समजून घे.

तुझी,
टिटवी

१० फेब्रुवारी

प्रिय टिटवीस,
स. न. वि. वि.

लहानपणी सारखी कलकल करायचीस म्हणून बाबांनी तुझं नाव टिटवी ठेवलं असं ऐकून होते. पत्र वाचून खात्री पटली. एवढा जळफळाट बरा नव्हे गं, चष्म्याचा नंबर वाढतो.

खुर्ची काही मी मागितली नव्हती. माझं काम तुला माहीत आहे. डॉक्टर रिपोर्ट बोलून ठेवतात, ते ऐकायचं आणि टाइप करायचं. पायाखाली पेडल असतं, ते दाबून धरलं की आवाज चालू, सोडलं की थांबतो. दिवसाचे आठ तास. मागच्या वर्षापासून कंबर गेली. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी स्पष्टच सांगितलं की जूनपर्यंत बसणं सुधारलं नाही तर हे काम सोडावं लागेल. मला दुसरं काही येत नाही, आणि दिवसभर नुसतं घर सांभाळायला लागले तर मी कुणाचं तरी डोकं फोडीन. तुझ्या दादाने हे बाबांच्या कानावर घातलं.

मग बाबा सुरू झाले. त्यांची पद्धत तुला ठाऊकच असेल. पट्टी काढली की माणूस खोटं बसतो म्हणतात. म्हणून पट्टी नाहीच. रोज दुपारी माझ्या समोर स्टूल टाकून पेपर उघडून बसायचे आणि पेपराच्या वरून बघायचे. पान काही उलटायचे नाहीत. मला आधी अवघडल्यासारखं झालं, नंतर त्याचीच सवय लागली. माझ्याकडे एवढं लक्ष देऊन आजवर कुणी बघितलं नसेल. तुझ्या भावाने तर नाहीच नाही.

खुर्ची छान आहे. काय सांगू आणखी? जाळी निळी आहे, फोटोत काळी दिसते. तुझी मान कशी आहे ते कळव, आणि उशा काढून टाक, त्यानेच मान धरत असेल.

राग ओसरला की थोडी माया इकडेही पाठव.

तुझी वहिनी

१२ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि मापांचा कागद मिळाला. नवऱ्याने पट्टी धरली आणि तू पाठ ताठ करून बसलीस हे आकड्यांवरूनच कळतं. तशी तू जन्मात कधी बसली नाहीस. या कागदावरून मी खुर्ची केली तर ती कुणा हवालदाराला बरी होईल. माणूस समोर बसल्याशिवाय मला खुर्ची करता येत नाही.

तोवर दुकानातून घे. घेताना घाई करू नकोस. एकेका खुर्चीवर निदान वीस मिनिटं बस, पहिल्या पाच मिनिटांत सगळ्याच चांगल्या वाटतात. पाठ पूर्ण मागे टेकवलीस की गुडघ्यामागे आणि बैठकीच्या कडेमध्ये तीन बोटं जागा उरली पाहिजे. बैठक खोल असेल तर पाठ टेकत नाही, टेकवली तर कड पोटरीला रुतते. पाऊल सपाट जमिनीवर यायला हवं. कोपर टेबलाच्या उंचीला यावं, पण खांदा न उचलता. गादी मऊ आहे म्हणून भुलू नकोस. दुकानदार काय सांगतो ते ऐकून घे आणि सोडून दे.

सूनबाईची खुर्ची बरी झाली. ती काही तक्रार करत नाही.

जावईबापूंना आशीर्वाद. पट्टी त्यांनी नीट धरली होती, चूक त्यांची नाही.

बाबा

२५ फेब्रुवारी

प्रिय वहिनीस,
न. वि. वि. (आज ‘सप्रेम’ गाळला आहे, मुद्दाम.)

तुझी खुर्ची घरी बनते, मला मात्र दुकानाचा रस्ता. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ते हेच. वर बाबांच्या पत्रात तुझं कौतुक, की सूनबाई तक्रार करत नाही. म्हणजे तक्रार कोण करतं ते न सांगता कळलं. लेकी बोले सुने लागे ही म्हण आपल्या घरात उलटी चालते.

तरी गेले दुकानात. अकरा खुर्च्यांवर बसले. प्रत्येकीवर वीस मिनिटं, मोबाइलवर वेळ लावून. दुकानातला माणूस आधी आदराने उभा होता, पाचव्या खुर्चीनंतर त्याने स्वतःच एक खुर्ची घेतली. तीन बोटं, पाऊल, कोपर, सगळं पाहिलं. चार खुर्च्या त्यात बसत होत्या. पण दहा मिनिटं झाली की माझा डावा पाय आपोआप वर येतो आणि मी त्याच्यावर बसते. तशी मी कायमच बसते. मग गुडघा खुर्चीच्या हाताला अडतो. दुकानदाराचं म्हणणं पडलं की मी सवय बदलावी. मी त्याला विचारलं की गिऱ्हाईक बदलायचं की खुर्ची, यावर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. हात हलवत घरी आले.

आता मनातलं लिहिते, रागावायचं तर रागाव. मी त्या घरात वीस-बावीस वर्षं बाबांच्या डोळ्यांसमोर होते. आई गेल्यावर तर आम्ही दोघंच दुपारी घरी असायचो. तेव्हा त्यांनी माझ्यासाठी साधं स्टूलही केलं नाही. तुला येऊन पाच वर्षं नाही झाली, तर सव्वा महिना समोर बसून बघितलं. खोली तुला दिली, मी हूं की चूं केलं नाही. पण बाबाही देऊन टाकायचे असं ठरलं नव्हतं. तू चांगली आहेस, तोच तर त्रास आहे. तू वाईट असतीस तर मला सोपं गेलं असतं.

लोभाचं नंतर बघू.

टिटवी

४ मार्च

प्रिय टिटवीस,
सप्रेम नमस्कार. मी ‘सप्रेम’ गाळणार नाही.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा रडले, तिसऱ्यांदा चिडले. आता ऐक. हे बाबांना किंवा तुझ्या दादाला कळता कामा नये.

ती खुर्ची मला होत नाही. पहिल्या दिवसापासून होत नाही. बैठक एवढी खोल आहे की पाठ टेकवली तर कड पोटरीत घुसते आणि पाय बधिर होतो. दांडा अगदी खाली केला तरी टाच जमिनीला लागत नाही, म्हणून पेडल अंगठ्याने दाबते. मी कडेवर पाखरासारखी बसते, कमरेचा तो सुंदर उठाव माझ्यामागे रिकामा राहतो. कंबर पूर्वीपेक्षा जास्त दुखते. जून काही लांब नाही.

सगळ्यात विचित्र म्हणजे खुर्चीचा डावीकडचा हात उजवीकडच्यापेक्षा चांगला चार बोटं खाली आहे. मला वाटलं चुकून झालं. एकदा सहज विचारलं तेव्हा बाबा पेचकस पुसत म्हणाले की डावा पाय वर घेऊन बसायची सवय, तर गुडघा अडू नये म्हणून तसं केलं आहे. मी पाय वर घेऊन बसत नाही गं. मला घेताच येत नाही, पेडल कोण दाबणार? तेव्हा मला काही कळलं नाही. वाटलं, म्हातारपणी होतो गोंधळ. परवा तुझं दुकानाचं पत्र आलं तेव्हा कळलं.

सव्वा महिना मी त्यांच्या समोर बसले होते, आणि ते बघत होते तुला. त्याच खिडकीपाशी, त्याच जागी. तू मला म्हणतेस मी तुझे बाबा घेतले. मी जन्मात पहिल्यांदा कुणाच्या तरी एवढ्या लक्षात आले असं समजून हुरळले होते. माझ्या वडिलांना माझी इयत्ताही आठवायची नाही. जळायचं तर माझ्याइतकं जळ, मग आपण बोलू.

बाबांना सांगायची माझी हिंमत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला ते ही खुर्ची दाखवतात, आणि मी हसून एक गिरकी घेते.

उरलासुरला लोभ जपून वापर.

तुझी वहिनी

१४ मार्च

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र आठवड्यापूर्वीच लिहायला हवं होतं. का लिहिलं नाही तेही सांगते, म्हणजे लपवाछपवी नको. वहिनीने मला एक गोष्ट कळवली आणि ती कुणाला सांगू नको म्हणून बजावलं. ती वाचून मला आधी आनंद झाला. इतका, की दोन दिवस मी गुणगुणत नकाशे काढत होते. मग तिच्या पत्रातल्या पोटरीचा आणि टाचेचा भाग पुन्हा वाचला आणि मला माझी लाज वाटली. तरी आणखी पाच दिवस गप्प राहिले, कारण तुम्हाला सांगितलं की तुमच्या डोळ्यांसमोरची माझी जागा जाईल. मी अशी आहे, तुम्हाला माहीत आहे.

बाबा, तुम्ही वहिनीसाठी जी खुर्ची केली ती माझी खुर्ची आहे. डावा पाय वर घेऊन मी बसते, ती नाही. ती माझ्याहून वीतभर बुटकी आहे. तिची पाठ टेकत नाही, टाच पोचत नाही. तुमचं मन मोडेल म्हणून ती बोलत नाही, आणि जूनपर्यंत बसणं सुधारलं नाही तर तिचं काम जाणार आहे.

तिच्याकडे बघा. पेपर बाजूला ठेवून बघा. मी समोर नाही, ती आहे.

रागवायचं तर माझ्यावर रागवा, तिला काही बोलू नका.

आशीर्वादाच्या आशेत,
तुमची टिटवी

२६ मार्च

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तासभर कारखान्यातलं जुनं सामान लावत बसलो. चाळीस वर्षांत माझ्या हातून माप चुकलं नव्हतं. आता चुकलं. मला वाटत होतं मी सूनबाईलाच बघतो आहे.

सोमवारपासून पुन्हा बसलो. ती उजव्या पायाने पेडल दाबते आणि त्यासाठी कंबर उजवीकडे सोडते, हे मी पाहिलंच नव्हतं. ऐकताना डोळे मिटते. अवघड शब्द आला की डावा खांदा कानापर्यंत जातो. मी खोकलो की हेडफोन काढून बघते, दिवसात पंधरा वेळा तरी. चहा गार करून पिते. इतकी लहानखुरी आहे हे पाच वर्षांत माझ्या लक्षात आलं नाही.

जुनी बैठक उतरवून नवी कापली, चार बोटं आखूड. दांडा बदलला. दोन्ही हात एका उंचीला आणले. उजवीकडे कमरेला थोडा जास्त आधार दिला. काल ती बसली. गिरकी घेतली नाही, सरळ कामाला लागली. दोन तास उठली नाही. मग मी तिथून उठलो.

बाबा

२ एप्रिल

प्रिय वहिनीस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझा शब्द मोडला, बाबांना सांगितलं. माफी मागत नाही, कारण बाबांनी कळवलं आहे की तुझी टाच टेकली.

त्यांचं पत्र आलं. पान भरून तू. तुझा पाय, तुझा खांदा, तू चहा कसा पितेस. शेवटी माझी खुशालीसुद्धा विचारलेली नाही. मीच म्हटलं होतं तिच्याकडे बघा, त्यांनी बघितलं, आणि वाचताना माझा पुन्हा असा तिळपापड झाला की नवऱ्याने विचारलं कोण गेलं. तुझ्यासाठी आनंद झाला का? झाला. पण तो दुसऱ्या नंबरला आला, खोटं कशाला लिहू.

येत्या शनिवारी येते आहे. एकटी, चार दिवसांसाठी. खोली परत मागणार नाही, खुर्चीही नको, मी तिथे जमिनीवर बसेन. फक्त ते चार दिवस दुपारी तू तुझं पेडल उचल आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बस. मला बाबांच्या समोर बसायचं आहे, आणि तू तिथे असलीस तर ते आता तुझ्याकडेच बघतील.

लोभ दोघींना पुरेल असं म्हणतात. मला अजून पटलेलं नाही.

तुझीच,
टिटवी