भिंतीला न टेकणारी खोली

मी, खाली सही करणार, धंद्याने ध्वनिमुद्रक, वय अडुसष्ट, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, छाती नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मरायला सवडच नव्हती.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावी. तिची आई हयात नाही. भांडायला दुसरा वारसही नाही.

२. बाजारातल्या इमारतीतला माझ्या मालकीचा गाळा, त्यातील स्टुडिओ आणि सगळी यंत्रे हेही तिलाच मिळावे. पूर्वी तिथे कापडाचे गोदाम होते. त्या गाळ्यात मी खोलीच्या आत दुसरी खोली बांधून घेतली. ती रबराच्या ठोकळ्यांवर उभी आहे आणि बाहेरच्या भिंतीला कुठेही टेकत नाही. टेकली की बाहेरचा आवाज आत आलाच. म्हणून मुलीने तिथे घड्याळ किंवा फोटो, विशेषतः माझा, लांब खिळा ठोकून लावू नये.

३. वरच्या व्यायामशाळेच्या मालकांना 'वजने आपटू नका' असे सांगून माझी जीभ झिजली. उरलेले रबराचे ठोकळे त्यांना द्यावेत. फुकट मिळाले तर कदाचित वापरतील.

४. स्टुडिओच्या माळ्यावर रंधा, पटाशा आणि गुण्या आहेत. ती हत्यारे माझ्या धाकट्या भावाची. तो सुतार आहे. त्याची वस्तू मी कुणाला देणारा कोण? त्याने येऊन न्यावी.

आतली खोली त्यानेच उभी केली. पहिल्याच ध्वनिमुद्रणाच्या वेळी वरचे प्रत्येक वजन आमच्या टेपवर धाडकन उमटले. भिंतीचे अस्तर उचकटून पाहिले, तर याने आतली भिंत बाहेरच्या भिंतीला बोल्टांनी आवळून ठेवलेली. विचारले तर म्हणतो, "दादा, भिंत अशी मोकळी सोडतात का कुठं? उद्या तुझ्याच अंगावर आली म्हणजे?"

मी गवंडी, रंगारी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "तू सुतार नाहीस, लाकूडतोड्या आहेस."

तो हत्यारे तिथेच टाकून गेला. तेव्हापासून आमचे बोलणे नाही. बोल्ट मी दुसऱ्याकडून कापून घेतले आणि 'भिंत अजून उभी आहे' असा निरोपही त्याला धाडला. माझा स्वभावच तसा. खोली आता इतकी शांत आहे की आत बसले की माझ्या छातीची शिट्टी मलाच ऐकू येते. तेव्हा भीती वाटते, आणि शेजारी तो असावा असे वाटते. दुसरे कुणी नको.

५. या मृत्युपत्राने भावाला काहीही मिळणार नाही. हा राग नव्हे. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. आणि साक्षीदाराला माझ्या डोळ्यांदेखत सही करावी लागते. म्हणजे त्याला यावे लागेल, समोर बसावे लागेल. दोन साक्षीदारांशिवाय हा कागद रद्दी आहे, हे मला ठाऊक आहे. त्याला आज सकाळी बोलावले आहे.

६. हे कलम वकिलांसमोर हाताने वाढवले आहे. भाऊ आला आहे, पण जिन्याच्या तळाशी बसून आहे. त्याची बायको वर येऊन म्हणाली, "भावोजी, कागद खाली द्या. ते तिथंच सही करतील. वर यायला त्यांचा पाय उचलत नाही." कागद खाली पाठवलेला चालत नाही, आणि मला जिना उतरवत नाही. वकील म्हणाले, "माझा कारकून करतो की सही. मोकळे व्हा." मी म्हटले, थांबू.

लिहून देणार: सही केली.

साक्षीदार पहिला: शेजारचे शिंपी. सही केली.

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ, सुतार.

स्थळ: माझे घर, पहिला मजला.

दिनांक: दुसरी सही झाली की घालावा.