वाकलेला शिक्का

कोमाकी, ९ जून

चिरंजीव योशिकी यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला लोण्याच्या बिस्किटांचा डबा काल पोचला. मे महिन्यात खारवलेला मासा आला, एप्रिलमध्ये खेकडे. दर वेळी मी खोकं तळापर्यंत उपसते, पण तुझी दोन ओळींची चिठ्ठी काही सापडत नाही. तुझे भावजी म्हणतात, "भाऊ खायला पाठवतोय ना? मग खा की मुकाट्यानं!" ते खातात. मी विचार करत बसते. लहानपणी भाजलेल्या रताळ्याचा तुकडासुद्धा लपवून खाणारा तू, होक्काइदोला गेल्यावर एवढा उदार कसा झालास?

इकडे सगळं ठीक. पावसाळी हवा आहे, कपडे वाळत नाहीत, माझे गुडघे दुखतात. आईच्या फोटोसमोर रोज भात ठेवते. ऑगस्टमध्ये पितरांचा सण, तिचा पहिला ओबोन. तू आणि मिसुझु दोघं येणार ना? की तेव्हाही नुसतं खोकंच येणार?

आता कारखान्याची बातमी. तू तिकडे हवाई दलाच्या तळावर कारखान्याचा माणूस म्हणून बसलास, तेव्हा अर्धी तुझ्या कानावर असेलच. पण मी सांगते ती कदाचित नसेल. मागच्या महिन्यात आठव्या विमानाची जमिनीवर चाचणी चालू होती आणि नवा रडार मध्येच बंद पडला. नाकाचं टोपण उघडलं, तर आतल्या तारांच्या जुडग्यातली एक तार पत्र्याला घासून उघडी पडलेली. चाळीस वर्षांच्या म्हाताऱ्या लढाऊ विमानाला आपण नवे डोळे दिले, नवे कान दिले, दुपटीच्या पल्ल्याची क्षेपणास्त्रं दिली. आणि सगळं अडलं कुठे, तर तार धरून ठेवणाऱ्या चिमट्यातल्या रबराच्या पट्टीवर. ती पट्टी बसवायला कोणीतरी विसरलं होतं. आठव्याची तपासणी माझ्याकडे नव्हती, हे आधीच सांगते.

मग विभागप्रमुख ओचिआईंनी आधीच्या सगळ्या विमानांचे तपासणीचे कागद बाहेर काढले. सहाव्या विमानाच्या कागदावर त्याच जागेसाठी माझ्या नावाचा शिक्का आहे. तारीख बारा फेब्रुवारी, संध्याकाळ.

बारा फेब्रुवारीला दुपारपासून मी कुठे होते, हे तुला वेगळं सांगायला नको. आई त्याच संध्याकाळी गेली.

म्हणजे माझा शिक्का कोणीतरी दुसऱ्यानं मारला. मला संशय आहे तो काजितानीवर. मोटारींच्या कारखान्यातून आलेली ती चाळिशीची बाई, आठवते ना? माझ्या शेजारीच बसते. माझा खण कुठला, हे तिला माहीत आहे. रोज उकडलेलं अंडं आणून देते आणि उगाच हसते. परवा म्हणाली, "मोरिवाकीबाई, नाकातल्या त्या भोकात हात जातो तो तुमचा नाहीतर माझा. बाकीचे बाप्ये नुसते टॉर्च मारून माना डोलावतात." एवढं कशाला बोलायचं? ज्याच्या मनात काही नसतं, तो अशी सफाई देत नाही. त्या दिवशी खणाची किल्ली... असो. ते पुन्हा केव्हातरी.

सहावं विमान तुमच्याकडेच आहे आणि सत्तावीस तारखेला नवी क्षेपणास्त्रं लावून पहिल्यांदा उडणार, असं ऐकते. खरं का? आणि बारा फेब्रुवारीच्या संध्याकाळी शेडमध्ये तू होतास. काजितानीला माझ्या खणापाशी पाहिलंस का? नीट आठवून कळव. फोन नको, लिहून पाठव.

मिसुझुला आशीर्वाद.

तुझी,
ताई


कोमाकी, १५ जून

योशिकी,

काल तुझा फोन आला. मी लिही म्हटलं होतं, तरी तू फोन केलास. "ताई, झालं गेलं विसर. विमान उत्तम आहे. कॅप्टन हिराओका आले होते जेवायला, मिसुझुच्या हातची तळलेली कोंबडी तीनदा मागून घेतली. तेच उडवणार आहेत." आणि वर म्हणालास, "काजितानीबाईंना कशाला गोवतेस? त्या तेव्हा घरी गेल्या होत्या."

ती घरी गेली होती, हे तुला कसं ठाऊक? चार महिन्यांपूर्वी कोण किती वाजता घरी गेलं, हे ध्यानात ठेवणारा माणूस तू नाहीस. बायकोचा वाढदिवस विसरतोस.

आता माझंही ऐक. मागच्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोलले. काजितानीवर माझा संशय कधीच नव्हता. तिचं नाव तुझ्यापुढे टाकून तू काय म्हणतोस, ते मला पाहायचं होतं. तू तिला वाचवलंस, एवढं बरं केलंस. मीच एका सरळ बाईचं नाव चिखलात ओढलं. आता ती अंडं पुढे करते, तेव्हा मला मान वर करवत नाही.

तो कागद मी मे महिन्यात पाहिलेला नाही. मार्चमध्येच पाहिला होता. फाइली लावताना हाती आला. शिक्का माझाच, मोरिवाकी, लाल शाईत. पण तिरका होता. डावीकडे कललेला, विभागप्रमुखांच्या चौकटीकडे तोंड करून वाकलेला.

मी छत्तीस वर्षं शिक्का सरळ मारते. माझ्या पहिल्या उस्तादांनी सांगितलं होतं, "नट घट्ट आहे किंवा नाही. त्यात साहेबाला मुजरा करायचं कारण काय?" आमच्या शेडमध्ये कोणीच तिरका मारत नाही. तिरका मारतात बँकेत. वरिष्ठाच्या शिक्क्यापुढे धाकट्याचा शिक्का वाकलेला दिसायला हवा, नाहीतर तिथे कागद परत येतो. कारखान्यात येण्याआधी सात वर्षं पतपेढीत काढलेला माणूस आमच्या विभागात एकच होता. दिवाळखोर पेढी सुटली, पण हाताची सवय सुटली नाही. माझा शिक्का चोरून मारतानासुद्धा तू साहेबांना नमस्कार करायला विसरला नाहीस. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं, खरंच सांगते. मग शेजारची तारीख वाचली.

तरी मार्चमध्ये मी फाइल मिटली. आईच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी जवळ आला होता. तुझी बढती व्हायची होती. मी मनाशी म्हटलं, बढतीसाठीच केलं असणार यानं, विमान वेळेत पुढच्या शेडमध्ये गेलं की नाव झालं. तेव्हापासून मनात तुझ्याशी भांडते आहे. तुझी खोकी येत राहिली आणि मला त्यात दर वेळी लाच दिसली.

आणि मे महिन्यात ओचिआईंनी कागद पुढे धरून विचारलं, "हा शिक्का तुमचाच ना, मोरिवाकीसान?" तेव्हा मी म्हटलं, "हो." एवढंच. त्या एका शब्दावर सहावं विमान तपासलेल्यांच्या यादीत राहिलं. किल्लीसुद्धा मीच तुझ्या हातात दिली होती. दवाखान्यातून फोन आला, मी धावत सुटले आणि तुला म्हटलं, "खण लावून घे रे." हे सगळं मला पहिल्याच पत्रात लिहायचं होतं. धीर झाला नाही.

मला फक्त एक सांग. त्या तिसऱ्या चिमट्याच्या मागे तुझा हात गेला होता का? मागची बाजू दिसत नाही, बोटांनीच कळते. आत रबराची पट्टी आहे की नाही, हे तू बोटांनी पाहिलंस का? कॅप्टन हिराओका तुझ्या घरी जेवून गेले म्हणतोस. त्यांच्याकडे बघून उत्तर दे, माझ्याकडे बघून नको. अठरा तारखेपर्यंत वाट पाहते.

ताई


कोमाकी, २२ जून

प्रिय योशिकी,

तुझं पत्र सतरा तारखेला आलं. दीड पान. तू एवढं लिहिलेलं मी शाळेनंतर पाहिलं नव्हतं. आधी उभ्यानं वाचलं, मग खाली बसून वाचलं. तुझे भावजी विचारत होते, "काय झालं? कोणी आजारी आहे का?"

तू लिहितोस, त्या दिवशी साडेपाचला ओचिआई म्हणाले, बहिणीला बोलावून घ्या, तासाभराचं काम आहे, उद्या सकाळी विमान पुढे जायलाच हवं. तू दवाखान्यात फोन लावलास. नर्स म्हणाली, त्या आईंचा हात धरून बसल्या आहेत, उठवू का? तू म्हणालास, नको. मग खण उघडलास, टॉर्च घेऊन नाकात डोकावलास, शिक्का मारलास, आणि साहेबांना सांगितलंस की ताई येऊन गेली. हे सगळं निस्तरून तू दवाखान्यात पोचलास, तेव्हा सव्वासात झाले होते. आई सात वाजता गेली होती.

तू दारात उभा होतास आणि मी तुला काय म्हटलं, ते मला शब्दन् शब्द आठवतं. "आता आलास? विमान महत्त्वाचं होतं ना?" खरं कारण तू चार महिने सांगितलं नाहीस. मी तुला लोभी म्हणत राहिले, पत्रातही आणि मनातही. मला फार लाज वाटते आहे, योशिकी. तुझ्यासमोर असते तर पायावर डोकं ठेवलं असतं, मोठी असूनही.

पण तू पुढे लिहितोस, "हात आत जात नव्हता. टॉर्चच्या उजेडात सगळं ठीक दिसलं." ते वाक्य वाचून मी पुन्हा उठून उभी राहिले.

अठरा तारखेला सकाळीच मी ओचिआईंपुढे गेले. "सहाव्या विमानाचा शिक्का माझा, पण मारला मी नाही. मे महिन्यात हो म्हटलं ते खोटं होतं," असं सांगितलं. त्यांनी तो कागद पुन्हा पुढे ओढला. मग म्हणाले, "मग कोणी मारला?" मी तुझं नाव सांगितलं. दुसरं काय सांगणार होते? पुन्हा काजितानीचं? त्यांनी बोलावलं असतं तर मी आईला सोडून आले असते का, असंही त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज खाली गेला होता.

माझा शिक्का त्यांनी जमा करून घेतला. छत्तीस वर्षांच्या नोकरीचा निकाल पुढच्या आठवड्यात लागेल. तिकडे पाठवायला त्या भोकात जाणारा हात हवा होता, म्हणून काजितानीला पाठवलं. जायच्या आधी मी तिला अडवून सगळं सांगितलं, माझ्या पत्रात तिचं नाव कसं आलं तेही. ती म्हणाली, "बाई, तुम्ही मनात काहीतरी दाबून ठेवलंय, हे मला तुमच्या तोंडावरूनच कळलं होतं. म्हणून तर रोज अंडं आणत होते." आणि विमानतळाच्या बसमध्ये चढली.

काल दुपारी तिचा फोन आला. तू तिथेच होतास, तुला हे सांगायला नको, पण मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. ती म्हणाली, "हात घातला. पहिला चिमटा ठीक, दुसरा ठीक. तिसऱ्यात रबर नाहीये. तारेचं आवरण एका बाजूनं घासलंय, अजून तांबं लागलं नाही बोटाला. मी 'रबर नाही' म्हटलं आणि तुमचे भाऊ होते तिथेच खाली बसले. कॅप्टननी त्यांना पाणी दिलं."

सत्तावीस तारखेचं उड्डाण रद्द झालं आहे. तिकडे कोणी तुला सांगितलं नसेल, आणि तू विचारलंही नसशील, म्हणून मी माझ्या हातानं लिहिते.

आई गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता, तो तुझ्यामुळे. आणि सोमवारी ते तुला इकडे चौकशीला उभं करतील, ते माझ्यामुळे. तुझी गाडी सकाळी पोचते. मी फाटकाशी उभी असेन, आत तुझ्याबरोबर येईन.

तुझी,
हिसाएताई