तपासणीचे जंतू मेल्याबद्दल खुलासा आणि एका नमुन्याची विनंती

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
पदार्थ संशोधन संस्था
(रजेवर असल्याने घरच्या पत्त्यावर)

विषय : तपासणीचे जंतू मेल्याबद्दल खुलासा व नमुना मिळणेबाबत.
संदर्भ : मला नोकरीवरून का काढू नये, असे विचारणारे आपले पत्र.

महोदय,

संदर्भीय पत्र पोचले. काढू नये. कारणे खालीलप्रमाणे.

१. आपल्या संस्थेने तांब्याची बारीक पूड मिसळून जंतुनाशक प्लास्टिक तयार केले आहे. त्यावर बसलेला जंतू असो वा विषाणू, निकामी होतो. हे खरे की खोटे ते ठरवायला आधी जिवंत जंतू लागतात, आणि ते वाढवणे हे माझे काम. इतकी वर्षे मी जंतूंचा एकच वाण सांभाळला. आमच्या सौ. म्हणतात, "अख्खं जग जंतू मारतं, तुम्हीच तेवढे पोसता. पोरांचं तरी एवढं केलंत का कधी?"

२. मध्यंतरी खरेदी विभागाने जंतू वाढवायच्या माझ्या काचेच्या बश्या आतल्या जंतूंसकट भंगारात काढून नव्या दिल्या. त्या आपल्याच जंतुनाशक प्लास्टिकच्या निघाल्या! खरेदीचे साहेब म्हणाले, "घरचा माल असताना बाहेरून कशाला आणायच्या? शिवाय या स्वच्छ राहतात." स्वच्छ राहतात, महोदय, हेच तर दुखणे आहे. मी जवळचे जंतू घातले, मेले. उरलेले घातले, तेही मेले.

३. तसे लेखी कळवले. उत्तर आले, "तपासणी थांबवू नये." थांबवली नाही. मेलेले जंतू आपल्या प्लास्टिकवर टाकले : एकही जिवंत नाही. तुलनेसाठी साध्या बादलीच्या तुकड्यावर टाकले : तिथेही एकही जिवंत नाही. त्यावरून वरिष्ठांनी निष्कर्ष काढला की आपल्या मालात आणि बादलीत काडीचा फरक नाही. ज्या बाईंनी हा पदार्थ शोधला, त्या तेव्हापासून माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. केले खरेदी विभागाने आणि पत्र मला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय!

४. वाण जिवंत मिळाला तर तपासणी नव्याने होईल, पदार्थ खरा ठरेल, बाईंचा राग जाईल आणि माझी नोकरी राहील. म्हणून मी भंगाराची पेटी उपसली. जुन्या बश्यांतले जंतू उन्हाने वाळून गेलेले. पण एक बशी कमी भरली. शिपायाला विचारले. तो म्हणाला, "प्रशासनाच्या साहेबांच्या पाण्याच्या ग्लासावर झाकायला घेतली. काय चकचकीत होती!" धुतली होती का, असे विचारताच त्याला खाली काम निघाले.

५. त्याच आठवड्यापासून आपण पोटाच्या तक्रारीमुळे रजेवर आहात, असे कळले. ऐकून वाईट वाटले. खोटे कशाला बोलू, आनंदही झाला. हा वाण घातक नाही, फक्त चिवट आहे. थोडे दिवस पळवतो आणि जातो. पण आपल्याकडून गेला, तर कायमचाच गेला. सबब विनंती की, औषधाचा पुढचा डोस घेण्याआधी महोदयांनी सोबतच्या डबीत नमुना द्यावा. तोच शिपाई आपल्या दाराशी थांबला आहे. डबी काचेची आहे, याची मी स्वतः खात्री केली आहे.

आपण लवकर बरे व्हावे, परंतु नमुन्यानंतर, ही सदिच्छा.

आपला नम्र,
(सही)
जंतुपालक, तपासणी खोली

दिनांक : आजचाच. कृपया उद्यावर ढकलू नये.

सोबत : डबी एक, रिकामी. भरून परत करावी.