गप झालीस की दोर सोडतो

सांगली,
४ नोव्हेंबर २०२५

चि. सम्मेद यास अक्काचे आशीर्वाद आणि जय जिनेंद्र.

पूजा आणि तुझा लेक काल सुखरूप साताऱ्याला पोचले असतीलच. पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू 'बरं, बरं' करतोस आणि तिसऱ्या वाक्याला फोन पूजाच्या हातात देतोस. म्हणून लिहितेय, आणि तेही कारखान्याच्या पत्त्यावर, म्हणजे पाकीट तूच फोडशील.

इथलं सगळं ठीक. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत चालू आहेत. दरवर्षीचंच रडगाणं, 'मॅडम, माणूस असा का असतो याचं एकच उत्तर सांगा की.' मी म्हणते, एकच असतं तर माझी नोकरी कधीच गेली असती. कुणी म्हणतं स्वभाव रक्तातून येतो, कुणी म्हणतं शाबासकी आणि मार यांनी घडतो, कुणी म्हणतं पोर थोरांचं बघून उचलतं. अबोध मन शिकवताना मी हरिपूरच्या हळदीच्या पेवांचं उदाहरण देते. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली जमिनीच्या पोटात अख्खी खोली, आणि वरून चालणाऱ्याला पत्ता नाही. पोरांना ते लगेच पटतं. मला हेच उदाहरण का सुचतं, ते कुणी विचारत नाही.

असो. तुझ्या लेकाविषयी लिहायचं होतं.

आप्पा गेले त्याच वर्षी हा झाला, म्हणून पाळण्यात त्यांचंच नाव ठेवलं, कल्लाप्पा. आता नवऱ्याचं नाव आईनं घ्यायचं नाही, सासऱ्याचं पूजानं घ्यायचं नाही, म्हणून तो सगळ्यांचाच आप्पा. शाळेत त्याला यशराज म्हणतात हे घरात कुणाला आठवत तरी असेल का, देव जाणे. पूजा त्याला 'आवं आप्पा, जेवायला चला की' म्हणते. आई पहिलं ताट त्याच्यापुढे ठेवते आणि मला फोनवर ऐकवते, 'त्येच आल्यात गं परत.' वर आप्पा कसे बसायचे, कसे खाकरायचे, ते त्याला रंगवून सांगते. मग सहा वर्षांच्या पोरानं काय करावं? दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे आला तो आप्पा होऊनच आला. दारात खाकरला, आणि मी, इतकी वर्षं मानसशास्त्र शिकवणारी बाई, हातातला कप खाली ठेवून उभी राहिले. नंतर हसले मी. त्या क्षणी नाही.

तोवर सगळं माझ्या पुस्तकात बसत होतं. आई सांगते, पोर उचलतं, घर कौतुक करतं.

परवा दुपारी पूजा बाजारात गेली होती आणि शेजारची सृष्टी खेळायला आली होती. चार वर्षांची आहे. मी स्वयंपाकघरात होते. तिचं रडणं ऐकून बाहेर आले तर बाथरूमला बाहेरून कडी, दिवा बंद, ती आत. हा बाहेर उभा, हात पाठीमागे बांधलेले. चिडलेला नव्हता. अगदी शांतपणे म्हणाला, 'गप झालीस की दोर सोडतो.'

दोर, सम्मेद. बाथरूमच्या दाराला कसला दोर?

मला हळदीचा वास आला. खरंच आला, खोटं नाही सांगत. मी कडी काढली आणि सृष्टीला उचलून घेतलं.

आपण दोघं हे कधी बोललो नाही, म्हणून आज लिहिते. हरिपूरला आपलं एखादं पेव रिकामं असलं की आप्पा आधी कंदील खाली सोडून बघायचे. तो विझला नाही, म्हणजे खाली हवा आहे. मग माझ्या कमरेला दोर बांधून मला उतरवायचे, खाली गेल्यावर कमरेची गाठ सोडायला लावायचे आणि नुसता दोर वर ओढून घ्यायचे. उलट उत्तर दिलं म्हणून, कधी नुसती मोठ्यानं हसले म्हणून. मी खालून ओरडायचे. वरच्या उजेडात त्यांचं डोकं दिसायचं आणि शेजारी तुझं. तू त्यांचं बोट धरून उभा असायचास. आणि ते वाक्य यायचं. मी अजून लिफ्टनं जात नाही. विद्यार्थ्यांना सांगते, जिने चढणं तब्येतीला चांगलं.

आई तिकडे कधी फिरकली नाही आणि आपण तिला कधी सांगितलं नाही. आप्पा तर या पोराच्या जन्माआधीच गेले. त्या संध्याकाळी मी देवळात जाऊन बसले आणि मनात म्हटलं, आले असतील परत तर येऊ देत. पुनर्जन्म असो, भूत असो, मला चालेल. इतकी शिकलेली बाई मी, हात जोडून भूत मागत होते. कारण ते वाक्य जगात दोघांनाच ठाऊक होतं. मी खालून ऐकलं होतं, तू वरून. आणि मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

त्याला जे विचारलं ते आधी लिहायला हवं होतं. दोन दिवस हात होत नव्हता. सृष्टीला घरी सोडून आल्यावर त्याला मांडीवर घेतलं आणि म्हटलं, 'असं बोलायला कुणी शिकवलं रे बाळा?' तो म्हणाला, 'कुणी न्हाई. आत कोंडल्यावर भायेरनं असंच म्हनत्यात.'

मग माझ्या कानाशी तोंड आणून, आप्पांच्या नाही, अगदी स्वतःच्या आवाजात म्हणाला, 'आत्या, दोर कवाच येत न्हाई.'

सम्मेद, तुझा राग येतोय आणि तुला पोटाशी धरावंसं वाटतंय, दोन्ही एकदमच. इतकी वर्षं मला वाटायचं, मी खाली होते आणि तू सुटलास. तू कुठला सुटलास रे? मी बाहेर तरी आले. तू बोट धरून तिथंच उभा राहिलास.

पूजाला हे ठाऊक आहे का, मला माहीत नाही. रविवारी सकाळच्या बसनं मी येतेय. ज्या दारामागे त्याला ठेवतोस, त्याची बाहेरची कडी तू माझ्यासमोर उचकटायचीस. त्याला यशराज म्हणायचं, आईला कितीही राग आला तरी. आणि मग आपण दोघं हरिपूरला जाऊ, पेवं होती त्या जागी.

माणसाला कुठलीही अट न घालता माया मिळाली, तर तो सरळ वाढतो, असाही एक सिद्धांत आहे. तो मी वर्गात घाईघाईनं उरकते, माझा कधी विश्वासच बसला नाही. या वेळी ठेवून बघणार आहे.

रड, ओरड, भांड, नाहीतर गप बस. दोर मी सोडलाय.

तुझी
अक्का