जिन्यावर बसलेल्या बाया

दिग्रस,
शनिवार, १४ ऑक्टोबर २००६

चि. किसन यास द्वारकाताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मी ठीक आहे. गुडघा दुखतो, पण तो दुखायचा थांबला तर मलाच चुकल्यासारखं होईल. सुमित्राचा खोकला गेला नसेल तर तिला हळद-दूध पाजत बसू नकोस, डॉक्टरकडे ने. लॉजच्या मागच्या भिंतीला चुना मारून झाला. दिवाळी आठवड्यावर आली तरी बाजारात कापसाच्या गाड्या तुरळकच दिसतात, आणि जिनिंगवरचे मजूर दुपारीच घरी जातात.

पत्रात तू एकच विचारलंस, वर्षा तुझ्याकडे आहे का. आहे. वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत. जेवते, झोपते. तू हे विचारलं नाहीस, तरी सांगते.

पुढे तू लिहिलंस की असल्या जागी आपली मुलगी राहते हे कळलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. असली जागा म्हणजे कसली, ते लिहायचं तुझं राहिलं. मी लिहिते.

ह्यांनी लॉज बांधलं तेव्हा हंगामात गुजरातचे व्यापारी, दलाल, जिनिंगचे फिटर यांची इतकी गर्दी व्हायची की गच्चीवर खाटा टाकाव्या लागत. याच जिन्यावरून प्यायलेले पुरुष गडगडत खाली येत आणि कोणी त्याला असली जागा म्हटलं नाही. हे गेले, पुढे कापसाचा बाजार बसला. व्यापारी सकाळी मोटारीने येऊन संध्याकाळी परत जायला लागले. खोल्या ओस पडल्या. अशात पंचफुला नर्स बदलीवर आली. गावात एकट्या बाईला खोली मिळेना, आणि लॉजवाले तर सोबत कोण आहे हे विचारल्याशिवाय किल्लीला हात लावत नाहीत. मी तिला काही विचारलं नाही, महिन्याच्या बोलीने किल्ली दिली. मग अनवरी आली. तिच्या नवऱ्याने दुसरी आणली तेव्हा ती शिलाई मशीन घेऊन घराबाहेर पडली. मग रुपीबाई आली, स्टँडवरच्या खानावळीला भाकरी करून देणारी. अशी ही जागा. पायऱ्यांवर चप्पल नाही, नळ सोडून गप्पा नाहीत, भांडण जेवणाआधी मिटवायचं. मला या बाया पाठीमागे हेडमास्तर म्हणतात. मला ऐकू येतं.

आता वर्षाचं. बियाण्यांच्या दुकानाचा परवाना तिच्या नावावर, कारण शेतीचा डिप्लोमा तिचा. दुकानात बसायचा तुझा जावई सुनील. यंदा त्याने कुठूनतरी सुटं बी आणून थैल्यांत भरलं आणि नव्या जातीचं म्हणून विकलं. झाडं माणसाएवढी झाली, बोंड धरलं नाही. लोकांनी तक्रार केली आणि चौकशीची नोटीस आली ती वर्षाच्या नावाने. थैल्या मीच भरल्या असं तिने म्हणावं, हे घरात ठरलं. ती नाही म्हणाली आणि निघून माझ्याकडे आली. हे सगळं तुला ठाऊक आहे. ठाऊक असूनही तुझ्या पत्रात दुकान हा शब्दसुद्धा नाही, म्हणून मी लिहिला.

तुला ठाऊक नाही ते पुढचं. ती आली त्या संध्याकाळी रुपीबाईने सहज विचारलं, नेरला कोणतं दुकान तुमचं. वर्षाने नाव सांगितलं. रुपीबाईचा भाकरी थापणारा हात थांबला. तिचा भाऊ पूनमसिंग दारव्ह्याकडच्या तांड्यावर शेती करतो. त्याने बी तिथूनच नेलं होतं. त्यानंतर रुपीबाई वर्षाशी बोलेना. वर्षाच्या दाराशी झाकलेलं ताट ठेवायची आणि निघून जायची. मला वाटलं, आता दोघींतली एक लॉज सोडणार, आणि कोणती सोडेल हेही मला कळत होतं.

शेवटी वर्षाच खाली चुलीपाशी जाऊन बसली. काय घडलं आणि आपल्याला काय म्हणायला सांगितलंय, सगळं तिने सांगितलं. रुपीबाईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू म्हणशीन का मीच भरलं, त बाईमाणूस म्हणून तुले सोडून देतीन. मंग माया भाऊ कोणाले धरन? हवेले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरता विंचरता तिने मला सांगितलं की ती चौकशीला जाणार आणि आहे तसं सांगणार. मी म्हटलं, मग वेणी नीट घाल.

गुरुवारी दुपारी सुनील जीप घेऊन आला. सोबत त्याचे काका बळीराम. हे तुला त्यांनी सांगितलं असेलच, पण कसं सांगितलं असेल त्याची मला कल्पना आहे, म्हणून माझं ऐक. आमचा जिना तू पाहिला आहेस, एका माणसापुरता. जीप थांबलेली दिसली तशी रुपीबाई अंबाडीची जुडी घेऊन खालच्या पायरीवर येऊन बसली. तिच्या वर अनवरी ब्लाऊजची तुरपाई घेऊन. तिच्या वर पंचफुला, डोक्याला तेल लावत. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर जरा नीट ओळीत बसवलं असतं.

बळीराम म्हणाले, बाजूले सरका.

"भाजी निवडून राह्यलो ना भाऊ," रुपीबाई म्हणाली. "झाली का सरकतो."

ती किती सावकाश निवडत होती ते तू बघायला हवं होतंस. एकेक पान उलटंपालटं करून पाहत होती. बळीरामांनी एक पाय उचलला. अनवरीने मान वर न करता सांगितलं, "ओलांडा ना चाचा. मी काही नाही म्हणत नाही. फक्त अंगाले पाय लागला त मी बोंबलीन, ते आधीच सांगून ठेवते."

पाय खाली आला. समोरच्या पानठेल्यावर लोक जमले होते, आणि भर बाजारात परक्या बायांना ओलांडून जाणारा पुरुष, निदान शुद्धीत असलेला, आपल्याकडे अजून जन्मायचा आहे. मग त्यांनी तोंड सोडलं. हे लॉज नाही, हे तर, असं म्हणून ते थांबले. मी गल्ल्यावरून म्हटलं, "बळीरामजी, वाक्य पुरं करा. पानठेल्यावरच्यांना नीट ऐकू जाऊ द्या." त्यांनी पुरं केलं नाही.

तेवढ्यात वर्षा वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली. सुनीलने मान वर केली आणि एवढंच म्हणाला, "वर्षा, मले आत टाकतीन."

"ते बी तुम्ही भरलं का नाही?"

त्याने खाली पाहिलं. "भरलं."

"मंग तेच सांगा. परवाना माया आहे, दुकानात काय येते ते मी कधी पाह्यलं नाही, हे मी सांगीन. त्याचं जे होईन ते होईन. पण जे मी केलं नाही ते केलं म्हणणार नाही."

किसन, आवाज चढवला नाही तिने. बाहेरच्या बाकावर सुनील मटकन बसला. त्या मुलाला मी लबाड समजत होते, तो घाबरट निघाला. रुपीबाई उठली, मांडीवरचे देठ झटकले आणि त्याला पाणी नेऊन दिलं. जिच्या भावाचं शेत त्याने बुडवलं तिने. का, ते मला कळलं नाही आणि कळल्याचं सोंग मी करत नाही. तो पाणी प्यायला आणि काकांना घेऊन निघून गेला.

इथवर लिहून मी उठले, तुळशीला पाणी घातलं, परत बसले. पुढचं वाक्य लिहायचं नव्हतं, पण लिहिते.

ही युक्ती सुनीलची नाही, बळीरामांचीही नाही. बाईमाणसाला फार काही करत नाहीत, तू आपल्या नावावर घे, हे तू म्हणालास. तुझ्या स्वयंपाकघरात, तिची आई सुमित्रा समोर असताना. वर्षाने ते मला लगेच सांगितलं नाही. नवऱ्याचा विषय निघाला तर ती भांडते, बोलते. तुझं नाव निघालं की वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर जाते. दोरीवर एकही कपडा नसला तरी जाते.

जावई वाचावा, मुलीचा संसार टिकावा, म्हणून तू बोललास हे मला समजतं. समजलं म्हणून मी ते मान्य करणार नाही. पोरीला शिकवलंस तेव्हा गावभर पेढे वाटलेस, आणि त्याच शिक्षणाच्या आडून तिला गुन्हेगार करायला निघालास. तिला परत पाठव असं तू लिहिलंस. नाही पाठवत. दिवाळी ती इथे करेल. लॉज बंद करायला लावू, अशी धमकी सुनीलच्या काकांनी जाता जाता दिली. त्यांना म्हणावं, आधी जिना चढून दाखवा.

बुधवारी यवतमाळला चौकशी आहे. सकाळच्या गाडीने वर्षा, मी आणि रुपीबाई निघू. पूनमसिंग दारव्ह्याला चढेल. पंचफुलाला रजा नाही. किल्ल्या अनवरीकडे राहतील. हे ऐकून आणखी कोणाची अब्रू जाणार असेल तर खुशाल जावो. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र अमरावती गाडीचे कंडक्टर देवीलाल यांच्या हाती देते. ते नेर स्टँडवरून तुझ्याकडे पोचतं करतील.

नेरहून यवतमाळ जवळ आहे, तू आमच्याआधी पोचशील. यायचं असेल तर तिच्या शेजारी उभं राहायला ये, आणि जे स्वयंपाकघरात बोललास ते साहेबांसमोर स्वतःच्या तोंडाने सांग. तिची समजूत काढायला येणार असशील तर घरीच थांब. समजूत आहे तिला, तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त.

पत्राचं तिला सांगितलेलं नाही. तू येशील असंही सांगणार नाही. आलेला दिसलास तर तीच बघेल.

तू येईस्तोवर तुझ्या मुलीचं माहेर,
द्वारका