साहेबांसमोरचे डावे हात

बाई, तपासणीला साहेब आले की वर्गातल्या सगळ्यांनी हात वर करायचे, उत्तर येत असेल त्याने उजवा आणि येत नसेल त्याने डावा, असं तुम्ही आम्हाला शिकवलंत. ती लबाडी होती की माया? मला याचं उत्तर देता येत नाही. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, मी स्वतः इंग्रजी शिकवते त्याला तिसरं वर्ष लागलं, तरी देता येत नाही.

कासारवाडीच्या त्या वर्गात माझा हात कायम डावा. मागच्या बाकावरून साहेबांना नुसते हात दिसायचे, आणि तुम्ही सहज नजर फिरवल्यासारखं करून नेमका एखादा उजवा हात उठवायचात. आम्हाला तो खेळच वाटायचा. एकदा मात्र मी घाबरून उजवा वर केला आणि तुम्ही मलाच उठवलंत. मी उभी राहिले ती नुसतीच उभी. तुम्ही साहेबांकडे वळून शांतपणे म्हणालात, हिला जरा वेळ लागतो, आपण हिच्याकडे परत येऊ. मधल्या सुट्टीत तुम्ही मला बाजूला घेतलंत. वर्गाची लाज घालवली म्हणून रागवाल असं मला वाटलं. तुम्ही रागावलातही, पण वेगळ्याच गोष्टीसाठी. "डावा हात साहेबांसाठी नसतो गं, माझ्यासाठी असतो. तू खोटा उजवा केलास तर उद्या कुणापासून सुरुवात करायची, हे मला कळणार कसं?"

मग कळलं की तुम्ही डावे हात मोजून ठेवत होतात. त्यातल्या आम्ही पाच-सहा जणी रविवारी पिंपळे गुरवला तुमच्या स्वयंपाकघरात. समोर मेथीची जुडी, आणि नियम एवढाच की हाताने जे चाललंय ते तोंडाने इंग्रजीत सांगायचं. मी अडते. मेथीला काय म्हणतात, असं विचारते. तुम्ही पोळी लाटता लाटता म्हणता, मेथीला मेथीच म्हण, तू तिचं काय करतेस ते सांग. मी सांगते. चुकतं. तुम्ही तेच वाक्य नीट करून स्वतः बोलता, जणू मी तसंच म्हणाले होते. पहिली शिफ्ट संपवून वडील मला न्यायला आले की दारातूनच विचारायचे, "बाई, आमची पोरगी बोलंल का वो इंग्रजी?" तुम्ही म्हणायचात, बोलायचं काय घेऊन बसलात, ती गप्प कशी बसेल ते सांगा. घरात पदवीचा कागद पहिल्यांदा आला, तेव्हा तो बघायला तुम्ही नव्हतात.

मी आता चाकणजवळच्या शाळेत आहे. मुलांचे आईबाप कंपन्यांमध्ये, कुणी लातूरचे, कुणी बिहारचे. आसपासच्या शाळांतले शिक्षक महिन्यातून एकदा जमतात, एकमेकांचे पाठ बघतात, कल्पना सांगतात. गेल्या महिन्यात आदर्श पाठ घ्यायची पाळी माझी होती. पाहुण्यांसमोर सगळे पाठ घोटलेले असतात, माझाही होता. पण उभी राहिले आणि मुलांना सांगितलं की येत असेल तर उजवा, नसेल तर डावा, आणि आज मी फक्त डाव्यांना विचारणार. कितीतरी वेळ कुणी हात हलवला नाही. मग एक मुलगी डावा हात अर्धवट उचलून म्हणाली, "टीचर, मला निम्मं येतंय." मी म्हटलं, निम्मं दे. उरलेलं तिच्या शेजारणीने दिलं. तास संपला तेव्हा तीनच वाक्यं झाली होती. एक ज्येष्ठ सर म्हणाले, मॅडम, पाठ राहिला की अर्धा. या सगळ्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना मात्र तो आवडला. हे कुठून सुचलं, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी म्हणाले, असंच सुचलं.

बाई, मी तुमचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर साहेबांची गोष्टही सांगावी लागली असती. केंद्रप्रमुखांनी हा उपक्रम लिहून मागितला, इतर शाळांच्या प्रशिक्षणात वाटायला. माझ्या नावावर.

घरी जेवताना वडिलांना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. "बाईंनी सायबाला फशिवलं, आसं लिवणार हायस का तू?"

मी विचारलं, मग माझंच म्हणून लिहू?

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "न्हाई," ते म्हणाले. "तसंबी नको."

 मी आठवडाभर तो उपक्रम लिहीत होते, चार पानं झाली. पहिल्याच ओळीत तुमचं पूर्ण नाव आहे, खाली तपासणी आहे, मेथी आहे, माझा खोटा उजवा हातही आहे. एका ठिकाणी 'फसवणूक' लिहिलं होतं, ते खोडून 'युक्ती' केलं. तेवढा पक्षपात माझ्याकडून झाला. हे पत्र वहीतच राहील, ते पाठवायचं तरी कुठे. ती चार पानं मात्र मी काल दुपारी केंद्रप्रमुखांच्या हातात देऊन आले.